आठ माशांची पंगत

हिंगणघाटात लग्न ठरलं की लोक आधी मुहूर्त काढत आणि मग अण्णाजी डेकाट्यांकडे जात. मुहूर्त चुकला तर भटजीला जाब विचारता येई. पंगत चुकली तर सगळं गाव वधूपित्याला जाब विचारी.

अण्णाजी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनावर मापारी होते. ते त्यांचं पोट. त्यांचं नाव मात्र पंगतीमुळे. मांडवात ते अनवाणी फिरत, पावलं मोजत आणि सांगत, 'एकशे दहा.' म्हणजे एकशे दहाच. एकशे अकरावा माणूस माजी मालगुजार असला तरी ते हात आडवा धरत.

"थांबा जी मालक. ही भरली. तुमचं पान पुढच्या पंगतीले."

मालक थांबत. मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांचा नियम साधा होता. दोन पानांमध्ये वीतभर जागा. दोन ओळींमध्ये वाढप्याची दोन पावलं. "वाढप्याचं धोतर कोणाच्या वरणात बुडालं," ते म्हणत, "तं ते जेवण नाई. तो बैलबाजार."

मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. नागपूरहून मराठी घेऊन नुकताच बी. ए. झालो होतो आणि शाळेत शिकवत होतो. अण्णाजींनी माझं नाव कधी घेतलं नाही. ते मला 'बी. ए.' म्हणत. वयानं ते माझ्या दुपटीहून मोठे, पण संध्याकाळी ओसरीवर आम्ही मित्रासारखे बसत असू. ते बोलत. मी बहुधा थक्क होऊन ऐकत असे.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर गिरणीतल्या बंगाली इंजिनिअरची कलकत्त्याला बदली झाली. त्याच्या मुलीच्या लग्नात अण्णाजींनी तीन प्रांतांचे पाहुणे एकाच मांडवात बसवले होते आणि कोणाचं कोपर कोणाला लागलं नव्हतं. इंजिनिअर ते विसरला नव्हता. जाण्याआधी त्यानं हातगाडीवरून एक काचेची पेटी पाठवली आणि मागोमाग स्वतः आला.

पेटी दोन हात लांब, हातभर रुंद, हातभर खोल. लोखंडी चौकट. तळाला वाळू आणि वाळूत लावलेलं हिरवं पाणगवत. मधल्या घरात खिडकीजवळ त्यानं ती मांडून दिली. चार बादल्या पाणी ओतलं. दोन दिवसांनी एका बरणीतून सहा मासे आणून सोडले.

बोटभर लांबीचे. चांदीचे असावेत तसे. अंगावर एकेक निळी रेघ. सहाही एकदम वळत. एक उजवीकडे गेला की पाचही उजवीकडे. कोणी हुकूम देत नव्हतं.

अण्णाजी पाटावर बसून तासभर पाहत राहिले.

"बी. ए.," ते शेवटी म्हणाले, "वाढपी असे पायजेत."

इंजिनिअरनं जाताना इंग्रजीत लिहिलेले चार कागद दिले होते. ते वाचून सांगणं माझ्याकडे आलं. चार वर्षं मी काव्यशास्त्र शिकलो होतो. त्यात माशांविषयी काही नव्हतं.

"लिहिलंय की हे मासे थव्यानं राहतात. सहापेक्षा कमी ठेवू नये. एकटा पडला की भितो, खात नाही."

"बरोबर. एकट्याले जेवाले वाढलं तं त्याच्या घशाखाली उतरते काजी? पुढं."

"दर माशामागं अर्धी बादली पाणी हवं."

अण्णाजींनी डोळे मिटले. "चार बादल्या. म्हणजे आठ पानं."

"हो. आठच्या वर एकही नको, असं खाली रेघ मारून लिहिलंय. जागा रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. मासा पाण्यातच श्वास घेतो, पाण्यातच घाण करतो. ती जिरवायला पाणी आणि गवत लागतं."

"म्हणजे वाढप्याची दोन पावलं," अण्णाजी म्हणाले. "हा इंजिनेर शाना माणूस आहे. सहा राहू द्या. दोन पानं मोकळी ठेवू. ऐनवेळी कोणी येतेच."

ऐनवेळी कोण कोण येणार आहे, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी अण्णाजींना खरी काळजी एकच होती. त्यांची एकुलती एक मुलगी कांता. वडनेरला दिलेली. तिला सातवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही अण्णाजींची आणि त्यांच्या बायकोची, जयवंताबाईंची इच्छा. त्यासाठी व्याह्यांचा होकार हवा होता. व्याही महादेवराव मोठे शेतकरी आणि त्याहून मोठे मानी. एका लग्नपत्रिकेत त्यांचं नाव दुसऱ्या ओळीत छापलं म्हणून ते वेशीवरून परत गेले होते. अण्णाजींनी दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'पाहू.'

इकडे गावात बातमी पसरली की अण्णाजींच्या घरी काचेत मासे आहेत. लोक पाहायला येऊ लागले. आणि आमच्याकडे कोणाच्या घरी नवं काही पाहायला जायचं तर माणूस रिकाम्या हातानं जात नाही.

पहिल्या आल्या शेजारच्या मीराबाई. हातात तांब्या.

"नदीवर गेलती जी. दोन भेटले. म्हटलं, तुमच्या घरी सोबत होईन."

अण्णाजींनी तांब्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी आठ बोटं दाखवली.

"बसतात," ते म्हणाले. दोन मोकळी पानं भरली.

दुसऱ्या दिवशी शाळेचे मधुकरराव हेडमास्तर चार मासे घेऊन आले. तिसऱ्या दिवशी लहानू भोई नदीवरून ओंजळभर झिंगे घेऊन आला. जिनावरच्या हमालांनी मिळून एक टोपलं आणलं. एकानं खेकडा आणला. खेकड्यानं दोन दिवसांत गवताची एक रांग कापून काढली. कापसाची बोंडं वेचावीत तशी, नेटकी.

"अण्णाजी," मी म्हणालो, "नाही म्हणा ना. मालगुजाराला म्हणता."

"तो दुसऱ्याचा मांडव असते, बी. ए." त्यांनी कपाळ पुसलं. "हे माझं घर आहे. घरी आलेल्याचं हातातलं कसं वापस करू?"

मी थक्क झालो. सबंध गावाला बसवणारा आणि उठवणारा माणूस स्वतःच्या उंबऱ्यात हात जोडून उभा होता.

बरं, लोक नुसते आणत नव्हते. खाऊही घालत होते. कागदावर लिहिलं होतं, दिवसातून एकदा चिमूटभर. पण पाहुणे आले की त्यांना वाटे, अण्णाजींच्या घरात कोणी उपाशी राहू नये. कोणी मुरमुरे टाकत. कोणी फुटाण्याची डाळ. भैय्याजी नावाच्या मालदार अडत्यानं अर्धी जिलबी सोडली आणि आग्रह केला, "घ्या न बापू, घ्या न. एवढ्यानं काय होते!"

पाणी ताकासारखं झालं. मी मोजले तर एकतीस मासे. सगळे वर येऊन तोंडं उघडत होते. आमचे सहा गवताच्या मागं एका कोपऱ्यात दाटून उभे. वळायला जागाच नव्हती.

"बैलबाजार," अण्णाजी हळूच म्हणाले.

अशा वेळी महादेवराव आले. सोमवारच्या बाजाराला आले होते. सोबत एक घागर. घागरीत हातभर लांबीची मरळ. काळी, चपट्या डोक्याची, सापासारखी. ती शांत होती. एखादा माणूस खूप जेवून शांत असतो किंवा खूप भुकेला असतो तेव्हा शांत असतो. तसली शांत.

महादेवरावांनी पेटीत डोकावून पाहिलं.

"इवाई, ही तं सगळी चिल्लर दिसून राह्यली. एक तरी मानाचा मासा पायजे का नाई? म्हणून आणला. आमच्या नाल्याचा आहे."

"मोठी किरपा झाली," अण्णाजी म्हणाले. 

मरळ पेटीत गेली. आरपार गेली आणि वळायला तिला पेटी पुरली नाही. शेपटी दुमडून ती उभी राहिली. एकतीस मासे एका बाजूला झाले.

चहा झाला. अण्णाजींनी विषय काढला. "इवाई, कांताचं... सातवा लागून राह्यला. म्हटलं, घेऊन येतो."

"पाहू," महादेवराव उठत म्हणाले. "इहीणबाईच्या हळदीकुंकवाले येतोच आम्ही. तवा आमच्या माशाची तब्येत पाहतो. मंग बोलू."

ते गेले. अण्णाजी पाटावर बसले.

"बी. ए., कागदात मरळीचं काही आहे?"

मी चारही कागद पुन्हा वाचले. एका ओळीत होतं, जो मासा दुसऱ्या माशाला तोंडात धरू शकतो तो त्याला गिळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजदाद केली. एकतीसचे एकवीस झाले होते. आमच्या सहांतले तीन गेले होते. उरलेले तीन थव्यासारखे दिसतच नव्हते. तीन माणसं वरातीत चुकली की दिसतात तसे दिसत होते.

अण्णाजींनी त्या दिवशी दुपारी जेवण अर्धं टाकलं. मग उठून मरळ काढली आणि अंगणातल्या पितळी घंगाळात ठेवली. वर लाकडी पाट, पाटावर वरवंटा. मरळ उडी मारते म्हणून.

"पण व्याही आले आणि मासा काचेत दिसला नाही तर?" मी विचारलं.

"तेच तं." ते घंगाळाजवळ उकिडवे बसले. "वापस काचेत घातला तं हे तीन बी जातात. नाई घातला तं इवाई म्हणन, माझा मान अंगणात ठेवला. मंग कांता येत नाई. तुम्ही साहित्य शिकले न? सांगा, काय करू?"

मी विचार केला. खरंच केला. साहित्यात अशा जागी नायक बहुधा वनात जातो. हे मी सांगितलं नाही.

जयवंताबाई मागं तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या कमी बोलत.

"हळदीकुंकू माझं आहे न?" त्या म्हणाल्या.

"तं?"

"तं वाण मी पाहते. तुम्ही ओसरीतल्या माणसाइची पंगत पाहा."

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी हळदीकुंकू झालं. बायका आत. पुरुष ओसरीवर. महादेवराव आणि त्यांच्या पत्नी रुख्माबाई बैलांच्या दमणीतून आले. अण्णाजींनी व्याह्यांना तक्क्याशी बसवलं, आतल्या दाराकडे पाठ करून. मला समोर बसवलं आणि डोळ्यांनी सांगितलं, बोलत राहा. मी कवितेवर बोलू लागलो. महादेवरावांनी जांभई दिली.

"आमचा मासा कसा आहे, इवाई?"

"तब्येतीनं आहे," अण्णाजी म्हणाले. खोटं नव्हतं. दहा मासे खाऊन तो तब्येतीनंच होता.

तेवढ्यात पहिल्या बायका बाहेर पडू लागल्या. प्रत्येकीच्या हातात मातीचं सुगड. संक्रांतीला बोरं, हरभरे, तीळ घालून देतात तसंच. पण त्या फार सावकाश चालत होत्या. सुगड दोन्ही हातांनी सरळ धरून, नजर आत लावून. ओसरीवरून एक रांग अशी निघाली की जणू सगळ्या दुधानं काठोकाठ भरलेलं काही नेत आहेत.

"वाणात पाणी देऊन राह्यल्या का काय?" महादेवराव म्हणाले.

"मले माहीत नाई," अण्णाजी म्हणाले. तेही खोटं नव्हतं. त्यांचा चेहरा माझ्यासारखाच झाला होता.

मीराबाई आमच्यापुढं थांबल्या. सुगड पुढं केलं. "पाहा न जी! जितं वाण! अशानं गावात कोणीच नाई लुटलं. इहिरीत सोडजो म्हणे, पाणी साफ राह्यते." मग त्यांनी आत नीट पाहिलं. "पण हे दोन तं माझेच दिसतात."

"दुसरे असतील," मी म्हणालो.

"हो जी, दुसरेच असतीन," त्या म्हणाल्या. वाणाबद्दल शंका घ्यायची नसते. त्या गेल्या.

मला तेव्हा कळलं. आलेली भेट परत करता येत नाही. पण संक्रांतीचं वाण कोणाला नाकारता येत नाही. जयवंताबाईंनी अठराही मासे सुगडांत वाटून टाकले होते. हेडमास्तरांच्या बायकोला झिंगे गेले होते. खेकडा भैय्याजी अडत्याच्या घरी गेला. त्या दिवशी किती मासे विहिरीत गेले आणि किती घरांत रस्सा झाला, ते मी कोणाला विचारलं नाही.

सगळ्यांच्या शेवटी रुख्माबाई बाहेर आल्या. विहिणीचं वाण सगळ्यांत मोठं असावं लागतं. त्यांच्यामागून जयवंताबाई तांब्याची घागर घेऊन आल्या. घागरीला हळदकुंकवाची बोटं. गळ्याला कोरा खण.

"पाह्यलं काजी," रुख्माबाई नवऱ्याला म्हणाल्या. "सगळ्याइले सुगडं. मले घागर."

महादेवरावांनी घागरीत पाहिलं. घागरीतून मरळीनं त्यांच्याकडे पाहिलं.

 मी कविता थांबवली.

"हा तं माझा मासा आहे."

त्यांनी अण्णाजींकडे पाहिलं.

"मी मानानं दिलेला मासा तुम्ही वापस केला, इवाई?" महादेवराव उभे राहिले. "तुमच्या काचघरात आमच्या माशाले जागा नाई? मंग आमच्या सुनेले तुमच्या घरात जागा होईन काय?"

जयवंताबाईंनी घागर खाली ठेवली. अण्णाजी एकदम उठले. मला वाटलं, हात जोडतील. त्यांनी हात जोडले नाहीत. त्यांनी मांडवात धरतात तसा हात धरला, पण आडवा नाही. आत या, असा.

"या, इवाई. तुम्ही बी या, इहीणबाई."

मधल्या घरातून त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. मी एवढे महिने त्या घरात राहत होतो, पण ते दार उघडं पाहिलं नव्हतं. खोली रिकामी होती. जमीन सारवलेली. भिंतीला ताजा चुना. एक बाज, नव्या सुतळीनं विणलेली. आढ्याला पाळण्यासाठी दोन कड्या.

"दसऱ्यापासून इथं कोणाले पाय ठेवू नाई दिला," अण्णाजी म्हणाले. "माझी सख्खी बहीण दिवाळीले आलती. तिले मी ओसरीत झोपवलं. ती अजून बोलत नाई माझ्याशी. या बी. ए.नं पुस्तकाची पेटी ठेवतो म्हटलं, त्याले नाई म्हटलं."

ते खरं होतं. मी तेव्हा रागावलो होतो.

"इवाई, मी जागा नाई म्हणतो ते काऊन? ज्याची जागा आहे त्याच्यावर दुसरा बसू नये म्हणून. तुमची मरळ मोठी आहे. तिले त्या पेटीत वळता येत नव्हतं. मानाच्या पाहुण्याले कोणी उकिडवं बसवते काजी? अन् मी तुमच्यापुढं 'नाई' म्हणू शकलो नाई, ही माझी चूक. ते मी त्याच दिवशी म्हणाले पायजे होतं."

महादेवराव खोलीभर फिरले. कड्या ओढून पाहिल्या. मग बाजेवर बसले, दोनदा दाबून पाहिलं.

"सुतळी चांगली आहे," ते म्हणाले.

"आमगावची आहे," अण्णाजी म्हणाले.

 महादेवरावांना आता उठायचं होतं आणि कशाच्या आधारावर उठावं ते सापडत नव्हतं. रुख्माबाईंनी ते दिलं.

"वाण वापस केलं असं कोणी म्हणलं?" त्या म्हणाल्या. "मासा तुम्ही इवायाले दिला. इवायाच्या घरून तो मले वाण भेटला. म्हणजे आता तो माझा. तुमचा त्याच्यावर काय हक्क? मी त्याले आपल्या मळ्याच्या इहिरीत सोडते. तिथं त्याले पाय पसराले जागा आहे."

"माशाले पाय नसतात," महादेवराव म्हणाले.

"तुमच्या डोक्याले तरी कुठं कान आहेत? दोन महिने झाले, पोरीचे मायबाप निरोप धाडून राह्यले अन् तुम्ही 'पाहू, पाहू.' पाह्यलं न आता? खोली पाह्यली. बाज पाह्यली. पुनवेले कांताले पाठवते मी, जयवंताबाई. येजा घ्याले."

जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळलं नाही. अण्णाजींना कळलं असावं. ते भिंतीकडे तोंड करून चुन्याचा एक पोपडा काढू लागले. चुना ताजा होता. पोपडा निघत नव्हता.

दमणी जुंपली. घागर कोणी धरायची हा प्रश्न आला. रुख्माबाईंच्या हातात खण, नारळ आणि ओटी होती. म्हणून महादेवरावांनी घागर मांडीवर घेतली. रस्त्याच्या पहिल्याच खड्ड्यात पाणी उसळलं. त्यांचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मानी माणूस.

पेटीत आता फक्त आमचे तीन उरले होते. लहानू भोई दुसऱ्या दिवशी नदीच्या संथ डोहातून तसल्याच निळ्या रेघेचे तीन घेऊन आला. ते तासाभरात त्यांच्यात मिसळले. गवत पुन्हा उभं राहू लागलं. पाहुणे येत राहिले, तांबे घेऊन. अण्णाजी उंबऱ्यात उभे राहून सांगत, "भरली जी. पुढच्या पंगतीले." आधी त्यांचा आवाज कापायचा. मग नाही.

पुनवेला कांता आली. दमणीतून ती उतरली. तिच्यामागून रुख्माबाई उतरल्या, सोबत म्हणून. मग धाकटी नणंद, करमावं म्हणून. मग एक म्हातारी आत्या, बाळंतपणातली जाणकार. मग आत्याची सून, आत्याला बघायला कोणी हवं म्हणून. बिछाने पाच. बाज एक.

अण्णाजी दारात उभे होते. त्यांनी पावलं मोजली. मला दिसलं, ते मोजत होते. मग त्यांनी माझ्या खोलीकडे पाहिलं.

मी वळकटी उचलली आणि मीराबाईंच्या ओसरीवर राहायला गेलो. कोणी सांगितलं नव्हतं.